उजवीकडं किंचित

ज्या माणसाच्या हातातून चार चार तास माइक सुटत नाही, त्याच्यापाशी कुणालाच न सांगितलेलं काही उरलं असेल, हे तुम्हाला पटायचं नाही. माझ्या बायकोलाही पटायचं नाही. ती म्हणते, ह्यांच्या पोटात अन्न टिकतं हेच नवल. पण आहे — एक गोष्ट आहे. अकरा वर्षं झाली. बायकोला सांगितली नाही, मित्राला नाही, दोन पेग झाल्यावरसुद्धा कधी जिभेवर आली नाही. गोष्ट मोठी नाही. खरं तर एका शब्दाची आहे. पण तो शब्द बाळगून बाळगून मी आता दमलोय.

सरळ सांगून टाक, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. पण माझी अडचण अशी की मला सरळ सांगता येत नाही. दिवसभर वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला असतो — नट, बोल्ट, बेअरिंग, सगळं मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं. म्हणून की काय, रविवारी लग्नात, साखरपुड्यात, कुणाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात माइक हातात आला की मी मोजमाप सोडून देतो. लोक मला बोलावतात ते त्यासाठीच. मला मजा येते, हे नाकारून काय उपयोग? मांडवातली शेवटच्या खुर्चीवरची म्हातारी हसली की माझ्या अंगात वारं भरतं. पुढची गोष्ट आपोआप येते. ती खरी आहे की खोटी, हे तेव्हा कोण बघतं? मी तर नाहीच बघत.

मंदा माझी चुलत बहीण. माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही फुलंब्रीकडच्या एका खेड्यात एकाच अंगणात वाढलो. लहानपणी आम्ही दोघं मिळून सोंगं करायचो — मी शाळेतले गुरुजी, ती गुरुजींची बायको. मी तलाठी, ती तलाठ्याची म्हैस. मी डावी भुवई उडवली की तिनं तिचं काम करायचं, अशी आमची खूण होती. ती कधी चुकली नाही.

तिच्या लग्नात जेवणाला उशीर झाला. नवरदेवाकडची मंडळी फुगून बसली, दोन-तीन पाहुणे तर गाडीकडं निघालेसुद्धा. मंदा स्टेजवर खाली मान घालून रडत होती. चुलत्यानं माझ्या हातात माइक कोंबला आणि म्हणाला, धर यांना अर्धा तास. माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. मी उभा राहिलो आणि सटवाई आठवली. आमच्याकडं मूल जन्मल्यावर पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. मी सांगितलं की मंदाच्या पाचवीला सटवाई आली तेव्हा फार दमलेली होती, त्या रात्री तिची सात गावं करून झालेली. ती कपाळावर ‘नवरा कापडाच्या दुकानात’ एवढं लिहिते न लिहिते तोच माझा चुलता असा घोरला की बाई दचकली. लेखणी सटकली ती थेट ओठाच्या उजव्या टोकापर्यंत गेली. तेव्हापासून आमच्या मंदाचं हसू उजवीकडंच जातं. आता बघा, तिच्या उजव्या हाताला कोण बसलंय? नवरदेव! सटवाईला सगळं ठाऊक असतं.

सटवाईची दचकणारी मान, चुलत्याचं घोरणं — सगळं करून दाखवलं. मंदानं वर बघितलं. डोळ्यांत पाणी तसंच, आणि ती हसली. मी भुवई उडवली. तिनं तिथल्या तिथं ओठ उजवीकडं ओढला. व्हिडिओवाल्यानं नेमका तेव्हा कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेला. अख्खा मांडव हसला. गाडीकडं गेलेले पाहुणे परत येऊन बसले.

पुढं बारा वर्षं मी ही गोष्ट सांगत राहिलो. घरातल्या प्रत्येक कार्याला फर्माईश असायची — दादा, सटवाई होऊन जाऊ द्या. हळूहळू एक गंमत झाली. लोकांना दिसायला लागलं. मंदाची सासू एकदा पंगतीत म्हणाली, व्हय की, उजवीकडंच जातंय बघा पोरीचं हसणं. मला किती आनंद झाला, काय सांगू! आपण बोलावं आणि माणसांना दिसावं — यापेक्षा मोठी दाद कोणती?

मंदा तोवर शहरात, गारखेड्यात राहायला आली होती. तिचा नवरा, आमचे दाजी, गुलमंडीत कापडाच्या दुकानात होते, अजूनही आहेत. मंदा घरातल्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवायची. वीस-पंचवीस पोरं. त्यांना ती गाणी शिकवायची ती सगळी तोंडानं — ओठांचा चंबू, गालांचे फुगे, डोळे मिचकावणं. तिची ती कला होती. शिकली कुठं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिच्या डाव्या कानाखाली एक गाठ आली. बदामाएवढी. दुखत नव्हती. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, साधं काम आहे, आठवड्यात बाई पुन्हा बालवाडीत. त्या जागेतून चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागू शकतो, हे कुणी सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि मंदाच्या चेहऱ्याची डावी बाजू मेलेली होती. डावा डोळा मिटेना. चहा पिताना डाव्या कोपऱ्यातून गळायचा. हसायला गेली की सगळा चेहरा उजवीकडं ओढला जायचा.

डॉक्टर म्हणाले, सूज आहे, उतरेल. सहा महिने ते हेच म्हणत होते. मग ते भेटेनासे झाले. दुसऱ्या गावच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस कापली गेली आहे. बालवाडीतली चार वर्षांची पोरं, त्यांना काय कळणार — बाई करतात तसं करायचं, एवढंच त्यांना माहीत. गाणं म्हणताना वीसच्या वीस पोरांनी तोंडं वाकडी केली. मंदानं त्या शनिवारी बालवाडी बंद केली.

दाजींनी ग्राहक मंचात तक्रार केली. डॉक्टरांच्या बाजूनं उत्तर आलं — बाईंच्या चेहऱ्यात हा दोष आधीपासूनच होता. ऑपरेशनच्या आधी चेहरा कसा होता, याची केसपेपरवर एक ओळही नव्हती. खरं तर ती नसणं ही त्यांचीच चूक. पण सिद्ध करायची पाळी आमच्यावर आली.

आम्ही अल्बम काढले. लग्नाचा, डोहाळजेवणाचा, बारशाचा. एका फोटोत मंदा हसत असेल तर शपथ! आमच्याकडं बायका फोटोत हसत नाहीत. पदर सारखा करतात, ओठ मिटतात आणि चौकीत हजेरी द्यायला आल्यासारख्या उभ्या राहतात. मिटलेल्या ओठांवरून नस धड आहे की नाही, हे कसं कळणार? तेव्हा मी म्हणालो, लग्नाची सीडी आहे की. तिच्यात मंदा खळखळून हसते. आणि — हे मी म्हणालो बरं का, मोठ्या ऐटीत — तिला हसवणारा मीच आहे.

आमच्या पहिल्या वकिलांच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते. त्यांनी मुक्या चित्रात मंदा हसताना बघितली, ठीक आहे म्हणाले आणि सीडी दाखल केली. मी काय बोललोय, ते मला माहीत होतं. पण मांडवातला विनोद कुणी कागदावर घेईल, असं मला वाटलं नाही. डॉक्टरांच्या वकिलांकडं स्पीकर होते. त्यांनी माझी सटवाई शब्द न् शब्द उतरवून आणली आणि मंचापुढं वाचली. एकसुरी, पोस्टाची तार वाचावी तशी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीला कुणीही हसलं नाही. मग ते म्हणाले, मुळात काही असल्याशिवाय घरचा माणूस अशी चेष्टा करील का? आणि हे बघा, बाईंनी स्वतःच ओठ उजवीकडं नेऊन दाखवलाय.

तक्रार फेटाळली गेली.

इथपर्यंतचं सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यावर मला पुष्कळ बोलूनही झालंय. दाजी म्हणाले, तुमच्या जिभेला लगाम नाय, पण मनात वाईट नव्हतं. चुलत्यानं दोन महिने बोलणं टाकलं, मग पुन्हा सुरू केलं. मी थांबलोय ते यापुढच्यासाठी. काय करू — पुढं पाय उचलत नाही.

राज्य आयोगाकडं अपील करायचं ठरलं. दाजींनी वकील बदलला. नव्या वकीलबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, कागदावरून नजर न हलवणाऱ्या. पहिल्या भेटीत त्यांनी मंदाला विचारलं की तुम्हाला नक्की काय मिळायला हवं आहे. मंदा तोंडावर रुमाल धरूनच बोलायची तेव्हा. ती म्हणाली, “भरपाईचं नंतर बघू, मॅडम. माझं तोंड आधी नीट होतं, एवढं कागदावर यावं.”

एवढंच तिला हवं होतं. माझ्या देखत मागितलं तिनं.

वकीलबाई म्हणाल्या, सगळं या सीडीवर अडलंय. ज्यानं गोष्ट सांगितली, त्यानं शपथेवर सांगावं की ती बनवलेली होती आणि चेहऱ्यात आधी काही नव्हतं. त्यासाठी त्यांनी मला एकट्याला ऑफिसात बोलावलं.

गेलो. तिथं एक टायपिस्ट मुलगी होती. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. तिच्या भावाच्या लग्नात मीच होतो. ती वकीलबाईंना सांगायला लागली की सर नकला करतात ना, लई भारी करतात, माणसातली बारीक खोड बरोबर पकडतात, आपल्याला रोज दिसत असून दिसत नाय ती. मग तिनं माझीच एक नक्कल मला करून दाखवली. वकीलबाईसुद्धा हसल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, कलावंतांची नजरच वेगळी.

मी काय केलं? मी खुर्चीत जरा सरकून बसलो. छाती थोडी पुढं आली. हे सगळं मला स्पष्ट आठवतं — पंख्याचा आवाज, समोरच्या कपात बुडवून विसरलेलं बिस्कीट, सगळं.

वकीलबाईंनी पेन उघडलं. म्हणाल्या, “सटवाईचं सोडा, ती बनवलेली आहे हे उघड आहे. मला हसण्याबद्दल सांगा. ते आधी वाकडं होतं का?”

आता सांगतो. नव्हतं. मंदाचं हसणं सरळ होतं. मी तिला पाळण्यात असल्यापासून बघितलंय. दोन्ही गाल सारखे वर जायचे, दोन्ही बाजूंचे दात सारखे दिसायचे. उजवीकडं काही नव्हतं, डावीकडं काही नव्हतं. मांडवात पाहुणे निघाले होते, मला अर्धा तास भरायचा होता, तिच्या उजवीकडं नवरदेव बसला होता म्हणून उजवीकडं. तो डावीकडं बसला असता तर हसू डावीकडं गेलं असतं. निरीक्षण नाही, खोड पकडणं नाही. काहीच नाही.

आणि मी म्हणालो, “किंचित.”

वकीलबाईंनी वर बघितलं. “किंचित म्हणजे?”

म्हणालो, “अगदी किंचित, मॅडम. इतरांना नाही दिसायचं. मी गमतीसाठी वाढवून सांगितलं.”

त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की का? दार उघडं होतं. मागं फिरायला एक शब्द पुरला असता. मी — तुम्ही ऐका, म्हणजे मी काय चीज आहे ते कळेल — मी आवाज खाली आणला, तसा मी हळव्या प्रसंगाला आणतो, आणि म्हणालो, “आता शपथेवर खोटं कसं सांगणार?”

टायपिस्ट मुलीनं माझ्याकडं आदरानं बघितलं. वकीलबाईंनी पेनचं टोपण लावलं. म्हणाल्या, मग तुमचं शपथपत्र नको. असलं दाखल करण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. मला चहा दिला त्यांनी. मी प्यायलो.

का म्हणालो तसं? डॉक्टरांनी मला काही दिलं नव्हतं. त्यांचं माझं नातं नव्हतं. मंदावर राग नव्हता. दोन अनोळखी बायकांपुढं मला बारीक नजरेचा माणूस राहायचं होतं. काहीही ठोकून देणारा माणूस, असं त्यांच्या तोंडावर सांगायला जीभ वळली नाही. बस. याच्या मागं दुसरं काही खोल कारण असेल, म्हणून मी फार वर्षं शोधलं. नाही सापडलं.

इथं तरी थांबायला हवं होतं ना? पण वकीलबाईंनी मंदाला सांगितलं — सांगणं त्यांना भागच होतं — की तुमचे भाऊ असं असं म्हणतात. आठवड्यानं मी गारखेड्याला गेलो. दाजी दुकानात होते. मंदा मेथी निवडत बसली होती. मी आलो की ती रुमाल बाजूला ठेवायची. माझ्यासमोर तिला झाकावंसं वाटत नसे. हातातली जुडी तिनं निवडून संपवली. मग म्हणाली,

“दादा, एक विचारू? मांडवात तू भुवई उडवली म्हणून मी तोंड वाकडं केलं, का ते तसं होतंच? मला आता आठवतच नाय बघ. लई आठवून बघितलं.”

पुन्हा दार उघडलं होतं, आणि या वेळी दारात ती होती.

मी म्हणालो, “होतंच थोडं. आपल्याला सवय झाली होती म्हणून कळत नव्हतं.”

ती मेथीच्या काड्या गोळा करत राहिली. मग म्हणाली, “मग त्या डॉक्टरच्या नावानं मी उगंच बोटं मोडली म्हणायची.”

त्यानंतर तिनं अपिलात मन घातलं नाही. शेवटच्या तारखेला दाजी एकटेच गेले. अपील फेटाळलं. निकालात इतर कारणंही होती — नस गाठीला चिकटलेली असावी, तज्ज्ञाचं मत अपुरं, वगैरे. वकीलबाई म्हणाल्या की एकट्या सीडीमुळं गेलं असं नाही. पण निकालात एक ओळ होती, ती मला दाजींनी वाचून दाखवली: सदर गोष्ट सांगणारा इसम ती खोटी असल्याचे सांगण्यास पुढे आलेला नाही. मंदानं त्यांना तेव्हा काही सांगितलं नसावं. दाजींना वाटलं, तारखेचा घोळ झाला असेल, मला कुणी बोलावलंच नसेल. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही.

मी सटवाई सांगायची बंद केली. त्याचं श्रेय मला देऊ नका. दुसऱ्या गोष्टी आहेत माझ्याकडं, त्यांना लोक हसतात, मलाही अजून मजा येते. कार्यक्रम संपवून घरी येताना येत नाही, एवढंच. गाडीवर गप्प बसतो. बायको विचारते, घसा बसला का? मी मान हलवतो.

परवाच्या रविवारी मंदानं बोलावलं होतं. तिची मुलगी पल्लवी लग्नाची झालीय. स्थळांना पाठवायला फोटो काढायचा होता. गच्चीवर उन्हं कलली होती. पल्लवीनं आईची हिरवी पैठणी नेसली होती, दाजी मोबाइल धरून मागं-पुढं होत होते, त्यांच्या दर फोटोत अंगठा येत होता. त्या अंगठ्यावरून मी काहीतरी बोललो आणि पोरगी हसली. मोकळी, मान मागं टाकून.

मंदा लगेच पुढं झाली. म्हणाली, “दात दाखवू नको बाई. ओठ मीट. आपल्यात आहे ते, एकदा लोकांच्या नजरेत आलं की झालं.”

पल्लवीचं हसू तिथंच थांबलं. तिनं दाजींच्या हातातून मोबाइल घेतला, आपलाच फोटो मोठा करून बघितला. बोटानं चेहऱ्याची आधी एक बाजू झाकली, मग दुसरी. मग माझ्याकडं आली.

“मामा, माझं पण उजवीकडं जातंय का?”

मी म्हणालो, “नाही गं. अगदी सरळ आहे.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही.”

मंदा तिच्या पदराची पिन लावत होती. तोंडात दुसरी पिन, डाव्या बाजूला धरता येत नाही म्हणून ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरलेली. ती काढून ती म्हणाली, “मामा नाय खोटं बोलायचे, पोरी. माझं होतं तर मला तोंडावर सांगितलं त्यांनी.”

पल्लवीनं ऐकलं. पण एकदा मोबाइलमध्ये बघितलेलं ती विसरली नसावी. कठड्याजवळ जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला, ओठ घट्ट मिटले आणि बापाला म्हणाली, काढा. दाजींनी काढला. चांगला आला. आम्ही सगळ्यांनी तो बघितला, आणि मीही म्हणालो की हाच पाठवा.